राणी तिमिराची बाजू

"लग्न मोडलं म्हणून? निव्वळ लग्न मोडलं म्हणून ती राज्यावर उठली?" महामायानं कॉमिक शिवमच्या मांडीवर आपटलं. मुखेडहून नांदेडला निघालेल्या एसटीतली आजूबाजूची चार डोकी वळली.

"हळू," शिवम म्हणाला. "पान फाटलं तर भरून द्यावं लागंल."

दोघं एकाच कॉलेजातले आणि एकाच सिनेमाचे वेडे. सात शिखरांच्या राज्याचा तो कार्टून सिनेमा त्यांनी नऊ वेळा पाहिला होता, आणि दोघांचाही जीव नायकावर नव्हता, राज्य बळकावणाऱ्या राणी तिमिरावर होता. आता एकट्या तिमिराचं कॉमिक निघालं होतं. नांदेडच्या एका पुस्तकांच्या दुकानात चार वाजता सगळे चाहते जमणार होते आणि वाद रंगणार होता. कॉमिकनं तिमिराला न्याय दिला की तिचं वाटोळं केलं? न्याय दिला, असं शिवम बोलणार होता. वाटोळं केलं, असं महामाया. माईक हातात धरायची तिची ही पहिलीच वेळ, आणि ठोस असा मुद्दा अजून हाती लागत नव्हता.

"सिनेमात ती नुसती खदाखदा हसते," शिवम म्हणाला. "वाईट हाय म्हणून वाईट. कॉमिकनं तिला काळीज दिलंय. हे बघ, चार पानं, एक शब्द न्हाई. राजपुत्र वरात माघारी घेऊन गेला, आन ही एकटी पायरीवर बसलीय. तीनदा वाचलं मी. तिन्ही बारीला रडलो."

ती चार पानं सुंदर होती, हे महामायाला नाकारता येईना. तीही रडली होती. तिला राग त्याचाच होता.

"दरबार आठव सिनेमातला. सगळे विचारतेत, तुला राज्य कशाला पाहिजे? ती काय म्हणते?"

"मला चालवता येतं म्हणून." शिवमनं तिमिराचा खर्जातला आवाज हुबेहूब काढला.

"अख्खं थिएटर हसलं होतं त्या वाक्याला. मी न्हवते हसले. आन ह्यांनी तेच वाक्य खोडून तिथं राजपुत्र बसवला!"

तिकिटाचं मशीन गळ्यात अडकवलेला कंडक्टर त्यांच्यापाशीच थबकला. त्याच्या मुलीनं तो सिनेमा वात येईस्तोवर घरात लावला होता. "पण मॅडम, गावंच्या गावं बर्फात गाडती की ती," तो म्हणाला. "एवढं करायला काहीतरी कारण लागंल का न्हाई?"

मागच्या सीटवरच्या फेटेवाल्यानं सिनेमाचं नावही ऐकलं नव्हतं, पण तो पुढं वाकला. "वरात माघारी गेली म्हणल्यावर माणूस बिघडणारच. पोराचं बरोबर हाय."

पलीकडच्या दोन बायांना गोष्ट पहिल्यापासून पाहिजे होती. मग महामाया दांडी धरून उभीच राहिली आणि हातवारे करत सांगत सुटली. शिवम बसल्या जागेवरून चुका काढत होता. बर्फात गाडलेल्या गावांपाशी बायांनी "अगं माय" म्हणत तोंडाला पदर लावला. कंधार आलं कधी, गेलं कधी, कुणाला कळलं नाही. घंटी मारायची आठवणही कंडक्टरला लोकांनीच करून दिली.

पण गोष्ट संपली तशी सगळी गाडी शिवमकडं झुकली. बिचारीचं लग्न मोडलं, त्याला ती काय करणार, असं जो तो म्हणू लागला. महामायाचे कान तापले. इथंच हरले तर तिथं काय बोलणार, असं तिला झालं.

पुढच्या सीटवरची धुरपताबाई तेवढी आतापर्यंत गप्प होती. साठीची बाई, मांडीवर भाजीची पिशवी. तिनं मान वळवली.

"शेवटी राज्य दिलं कुणाला त्या लोकांनी?"

"तिच्या धाकट्या भावाला," महामाया म्हणाली.

"त्याला चालवता येत होतं?"

"न्हाई."

"त्याला कुणी इचारलं, तुला कशाला पाहिजे म्हणून?"

महामायानं शिवमकडं पाहिलं. दरबाराचं ते दृश्य त्याला तोंडपाठ होतं. त्यानं ओठ हलवत मनातल्या मनात ते पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून पाहिलं.

"न्हाई," तो म्हणाला. "कुणीच न्हाई इचारलं."

"ए!" महामायानं त्याच्या दंडावर गुद्दा हाणला. "नऊ वेळा पाहिला रे आपण!"

"म्या सरपंचाला उभी राहिले होते," धुरपताबाई म्हणाली. "राखीव जागा न्हवती, खुली होती. सारं गाव इचारायलं, कामून? नवऱ्यानं लावलं का? कुणाचा सूड काढायचाय का? अर्ज माघारी घे म्हणून तीन दिस माणसं दारात बसून होती."

"मग काय सांगितलं तुम्ही?"

"काय सांगू? पाहिजे होतं, म्हणून उभी राहिले. सात मतानं पडले."

फेटेवाला खिडकीबाहेर बघू लागला. पुढं फाटा दिसला आणि गाडीचा वेग कमी झाला. धुरपताबाई पिशवी सावरत उठली.

"मेली का मंग तुमची राणी?"

"ते दाखवलं न्हाई," शिवम म्हणाला. "कड्यावरून धुक्यात गेली."

"दाखवलं न्हाई, तर रडायलास कशाला तिच्यासाठी?"

ती उतरली. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली. महामायानं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं.

"मावशी! परत उभ्या राहणार का?"

धुळीत धुरपताबाई वळली. उन्हासाठी तिनं कपाळावर हात धरला होता.

"बसले कवा होते मी?"