उलट्या काचा

देविकाने लायटर पेटवून काचेसमोर धरला. दुहेरी काचेत ज्योतीची चार प्रतिबिंबं उमटली, त्यातलं एक जांभळट. ऊन परतवणारा लेप त्याच बाजूला होता. ती बाजू आभाळाकडे बसली तर खाली गारवा, उलटी बसली तर भट्टी. ‘बाहेरची बाजू’ छापलेली चिकटपट्टी तिने अलगद सोलली आणि काचेच्या दुसऱ्या बाजूला लावली. मिस्त्री ती पट्टी बघूनच काचा बसवत. मग ती पुढच्या काचेकडे वळली.

झाशीच्या मराठी मंडळाच्या नव्या सभागृहाचं हे छत तिचं होतं. देवदाराच्या फळ्या जोडून केलेल्या कमानी, त्यांच्यामधल्या काचा, उन्हाचा हिशेब, सगळं तिचंच. नकाशावर नाव मात्र रत्नाकरचं, तिच्या कंपनीच्या मालकाचं. दरवेळी हेच. या खेपेला तिने लाज सोडून स्वतःचं नाव मागितलं, तर तो हसला.

“नाम तो मालिक का ही चलता है, देविकाजी. तुम्ही आपलं काम बघा.”

त्याच दिवशी तिने ठरवलं. भर सभेत, साऱ्या गावासमोर या माणसाची फजिती झाली पाहिजे. करावे तसे भरावे.

काचा माघात बसल्या. थंडीत कोणाला काय कळणार? छतावर भरवसा ठेवून मंडळाने एसीसुद्धा घेतले नाहीत.

उद्घाटन भर ज्येष्ठात झालं. दीपप्रज्वलन होईतो लोक निमंत्रणपत्रिकांनी वारा घेऊ लागले. एका आजींना घेरी आली, त्यांना धरून बाहेर न्यावं लागलं. देविकाची नजर मात्र रत्नाकरवरून हटली नाही. त्याचा रेशमी कुर्ता पाठीला चिकटला होता. एवढ्या उकाड्यात तिच्या काळजाला तेवढा गारवा होता.

मंडळाचे अध्यक्ष आबासाहेब घाम पुसत उठले. त्यांनी माईक हातात घेतला.

“रत्नाकर भैया, ही भट्टी कोणाच्या डोक्यातून निघाली? सच सच सांगा.”

रत्नाकरने रुमालाने मान पुसली. मग सगळ्यांना दिसेल असा हात देविकाकडे केला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच खरं बोलला.

“यांच्या. या छताची रेघन् रेघ देविकाजींची आहे.”