नळीतला गुलाबी रंग

काचेच्या नळीतलं पाणी पहाटेच्या ढगासारखं गुलाबी होतं. त्यात काल जन्मलेल्या पोरीने ओकलेलं रक्त होतं. ते तिचंच असेल, तर तिला आईपासून तोडून जिल्ह्याच्या दवाखान्यात न्यावं लागणार होतं. केसपेपरवर निदानाची जागा कोरी होती.

ऋजुता डॉक्टरने कॉस्टिक सोड्याचे थेंब सोडले. रक्त बाळाचं असेल तर गुलाबीच राहील, आईचं असेल तर पिवळट होईल.

“मॅडम, पाजू का नको?” बाळंतिणीने विचारलं.

“थांबा.”

नऊ महिने दोघींची रक्तं पातळ पडद्याच्या अलीकडे-पलीकडे वाहिली होती, न मिसळता. हळूहळू गुलाबी रंग विरला. नळीत सायंकाळचं ऊन उतरलं.

“तुमचं रक्त आहे. जन्मताना गिळलंय तिने.”

“आल्या आल्या आईचं रक्त प्यायलीस गं? बापावरच गेलीस!” ती रडता रडता हसली.

ऋजुताने निदान लिहिलं. पदराखालून चुटुचुटु आवाज येऊ लागला.