उठा, चाला, बसा

सोजराबाई चाचणीत नापास झाल्या. हे आपण ऐकलं नाही. चाचणी अजून सुरूच व्हायची आहे.

चिखलीच्या एका मंगल कार्यालयात कृत्रिम पायांचं शिबिर होतं. सोजराबाईंचा डावा पाय गुडघ्याच्या वरून कापलेला. आज त्यांना तपासणीपुरता उसना पाय बांधला होता. हातवाल्या खुर्चीतून उठायचं, चुन्याच्या रेघेपर्यंत चालायचं, वळून यायचं, पुन्हा बसायचं. वेळेत बसलं तर वाकणाऱ्या गुडघ्याचा पाय मिळणार. नाही तर सरळसोट, खांबासारखा. खांब घेऊन एस.टी.ची पायरी चढता येत नाही, आणि एस.टी.त चढल्याशिवाय सोजराबाईंची वांगी बाजारात पोचत नाहीत.

"उठा," चाचणी घेणाऱ्या प्रतीक्षा मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी हातातलं घड्याळ सुरू केलं.

सोजराबाई उठल्या. सून वैष्णवी भिंतीशी उभी. सकाळपासून इतकं नीट कोणीच चाललं नव्हतं. रेघ आली. त्या वळल्या आणि थबकल्या.

खुर्चीत उकंडराव बसले होते.

उकंडराव शिबिर समितीचे अध्यक्ष. उद्घाटनाला आले होते, शिबिर अर्धं उरकल्यावर. हॉलमध्ये हात असलेली खुर्ची ती एकच, आणि तशी खुर्ची दिसली की ती आपल्यासाठीच रिकामी ठेवलीय असं त्यांना मनापासून वाटतं. लगोलग हार पडला, शाल पडली, माईक आला.

"स्वतःच्या पायावर उभं राहणं," ते बसूनच म्हणाले, "हाच खरा विकास."

"साहेब, जराक उठता का?" सोजराबाई म्हणाल्या.

"थांबा बाई. तुमच्यासाठीच तं बोलून राह्यलो."

"मॅडम, घड्याळ तरी बंद करा ना!" वैष्णवी म्हणाली.

"त्या बसल्याशिवाय बंद करता येत नाही."

"मंग त्या दुसऱ्या खुर्चीवर बसतो मी," सोजराबाई म्हणाल्या.

"तिला हात नाहीत. चाचणीला हात लागतात."

"मले हात नाही पाह्यजे वं माय, मले पाय पाह्यजे!"

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. त्या आपल्यालाच, असं समजून उकंडराव नव्या जोमाने भाषणाच्या सुरुवातीला परतले. सोजराबाई एका खऱ्या आणि एका उसन्या पायावर उभ्या राहिल्या. एवढा वेळ उभं राहण्याला चाचणीत गुण नव्हते.

भाषण संपलं. मग चहा आला. मग उकंडरावांना फोन आला. शेवटी सोजराबाई सतरंजीवर बसल्या.

मॅडमनी घड्याळ थांबवलं. "पाऊण तास," त्या खेदाने म्हणाल्या. "हालचाल अतिशय मंद. सरळ पाय."

"याच्यावर कोनाले सांगता येते का?"

"येतं ना. अध्यक्षांकडे अर्ज करायचा."

सोजराबाईंनी खुर्चीकडे पाहिलं. उकंडराव दुसरा चहा फुंकत होते.

"लिही वं वैष्णवी," त्या म्हणाल्या. "शुद्ध लिही. साहेबाले आपल्या बोलीतलं 'उठा' समजत नाही."

वैष्णवीने लिहिलं आणि कागद उकंडरावांच्या बशीखाली सरकवला.

"मा. अध्यक्ष महोदय, आपण खुर्चीवरून उठाल तेव्हा अर्जदारास तसे लेखी कळविण्यात यावे, ही नम्र विनंती."