मिस्त्रींची सही

सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी मिस्त्रींनी फाईल टेबलावर टाकली आणि आपण सही करणार नाही असं सांगितलं.

मालकीणबाईंच्या जावयाने फाईल परत त्यांच्याकडे सरकवली. ती लगेच उलट आली. मालकीणबाई दोघांच्या मध्ये बसून चहा पीत होत्या. त्यांनी कपसुद्धा खाली ठेवला नाही.

टॅक्सी कंपनी त्यांची. नवऱ्याच्या वेळेपासूनचा एक नियम त्यांनी कधी मोडला नव्हता. मिस्त्रींच्या सहीशिवाय कंपनीत गाडी येत नसे. अठरा डिझेल गाड्या काढून अठरा हायब्रिड घ्यायच्या, हा बेत जावयाचा. तो तडीस गेला तर कारभार त्याच्या हाती येणार होता, तसा शब्द सासूबाईंनी दिला होता. नाही गेला तर पुन्हा फोन घ्यायच्या टेबलावर. चार वर्षं तो तिथेच बसला होता आणि ड्रायव्हर मंडळी त्याच्या पाठीमागे त्याला ‘चौकशी खिडकी’ म्हणत.

गाडी भरवशाची की नाही, हे ठरवायची इथली रीत साधी होती. वर्कशॉपच्या भिंतीला एक वही टांगलेली असे. गाडी दुरुस्तीला उभी राहिली की तिच्या नंबरापुढे एक रेघ. डिझेल गाड्यांपुढे वर्षाच्या नऊ ते अकरा रेघा होत्या, एका खटाऱ्यापुढे सतरा. चाचणीसाठी घेतलेल्या एकुलत्या एक हायब्रिडपुढे चौदा महिन्यांत एकही नव्हती. वाहतूक तुंबली की ती इंजिन बंद करून बॅटरीवर सरकत राही. इंधन निम्मं लागे, चार्जिंगची कटकट नाही. प्रवासी आताशा तीच गाडी मागून घेत.

मिस्त्रींना हे काही पटत नव्हतं. एका गाडीत दोन यंत्रं म्हणजे बिघडायला दोन जागा, असं ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. एका गाडीवरून अठरांचा निकाल लावणं तर त्यांना अडाणीपणाचं वाटत होतं.

“नवी गाडी पहिली एक-दोन वर्षं गुणाचीच असते, जावईबापू,” ते म्हणाले. “जावयासारखी.”

मालकीणबाई कपाआड हसल्या. जावयाचे कान तापले. मिस्त्रींना गाडीची काळजी नाही, स्वतःच्या खुर्चीची आहे, असं त्याने तोंडावर सांगितलं. नव्या गाड्यांना कारखान्याचं सील असतं, ते फक्त अधिकृत वर्कशॉपने उघडायचं, नाहीतर हमी रद्द. म्हणजे मिस्त्रींना कामच उरत नाही, खरं दुखणं ते. गेल्या वर्षी गुडघ्याच्या नावाखाली महिनाभर घरी बसले होते, तेव्हा कंपनीचं काही अडलं होतं का?

“तुमची गरज आता सहीपुरती उरली आहे,” तो म्हणाला.

मिस्त्रींनी मालकीणबाईंकडे पाहिलं. “वहिनी, हे तुमच्यासमोर बोलले ते बरं झालं.”

मग त्यांनी चाचणीची गाडी आठ दिवसांसाठी मागून घेतली. जावयाने किल्ली त्यांच्या हातात दिली नाही, टेबलावर फेकली.

आठ दिवस मिस्त्रींनी त्या गाडीचा पिच्छा पुरवला. डिकीत वाळूची पोती भरली. एसी लावून भर उन्हात चढावर नेली. ती नेहमी चालवणाऱ्या ड्रायव्हरला, सगळे ज्याला मौनीबाबा म्हणत त्याला, बाजूला करून चार वेगवेगळे ड्रायव्हर बसवले. जावई रोज संध्याकाळी वर्कशॉपच्या दारात येऊन, सापडलं का काही, असं विचारून जाई. मिस्त्री हातातल्या पान्यानेच त्याला रस्ता दाखवत.

नवव्या दिवशी ते सगळ्यांसमोर ऑफिसात आले.

“डाव्या बाजूचं मागचं दार कुरकुरतं. बाकी शोधून सापडलं नाही.” त्यांनी इतक्या जोराने सही केली की कागद फाटला. “माझ्या वर्कशॉपला मीच कुलूप घातलं. झालं समाधान?”

मालकीणबाईंचे डोळे भरून आले. एवढा विरोधातला माणूस सही करतो, तर मला आणखी पुरावा नको, असं म्हणून त्यांनी त्याच दुपारी अठरा गाड्यांची मागणी नोंदवली.

महिन्याभरात हायब्रिड आल्या, डिझेल गेल्या. कारभार जावयाकडे आला. मिस्त्रींचा निरोप समारंभ त्याने होऊ दिला नाही. फाटकात त्यांची हत्यारांची पेटी उघडायला लावून एकेक पाना मोजला. मिस्त्री पेटी बंद करून चालू लागले.

नव्या गाड्या आल्यापासून सातव्या आठवड्यातल्या सोमवारी सकाळी दहा वाजता पहिली गाडी पुलावर उभी राहिली. डॅशबोर्डवर लाल दिवा आणि चाकांत दम नाही. साडेअकरापर्यंत चार झाल्या.

जावयाने मौनीबाबाला बोलावून घेतलं आणि त्याची गाडी चौदा महिन्यांत एकदाही कशी उभी राहिली नाही, असं विचारलं.

“मागच्या सीटखाली बॅटरीचा पंखा असतो,” मौनीबाबा म्हणाला. “आपल्याकडच्या धुळीने तो चोंदतो. दर दुसऱ्या रविवारी मी गाडी मिस्त्रींच्या घरी न्यायचो. ते सील उघडून साफ करून द्यायचे. दहा मिनिटांचं काम.”

“वहीत का नाही लिहिलं?”

“लिहायचं नाही म्हणाले. कुणाला सांगायचंही नाही. आणि मला कुणी विचारलं कुठे?”

बारा वाजून दहा मिनिटांनी पाचवी गाडी बंद पडली. शहरात या गाड्यांचं सील उघडायची परवानगी एकाच वर्कशॉपला होती. ते नवं होतं, उघडून महिना झाला होता. जावयाने तिथला नंबर फिरवला. दुसऱ्या घंटीला मिस्त्रींनी फोन उचलला, पाचही गाड्यांचे नंबर लिहून घेतले आणि गुरुवारपर्यंत जागा नसल्याचं सांगितलं.