टाळ्या

पडद्यावर थोरला भाऊ दोराशिवाय, एकट्याने कडा चढत होता. फिल्मही त्यानेच बनवलेली. धाकटा शेवटच्या रांगेत बसला होता. "पुढे फोटोवाले आहेत, तू आपला मागेच बस," असं दादानेच दारात सांगितलं होतं.

फिल्म संपली आणि सगळं थिएटर उभं राहिलं. धाकटाही उभा राहिला, पण हात जॅकेटच्या खिशातच.

"अहो, टाळ्या तरी वाजवा!" शेजारच्या बाई म्हणाल्या. "तो माणूस जिवावर उदार झालाय, आणि तुमचे हात खिशातून निघेनात!"

स्टेजवर कुणीतरी विचारलं, "मध्येच हात सुटला असता तर?"

दादा हसला. "तर आज इथे नसतो. खाली धरायला कोण होतं?"

पुन्हा कडकडाट. बाईंनी पुन्हा वळून पाहिलं, तेव्हा धाकट्याने हात बाहेर काढले. बोटं सरळ होत नव्हती.

"अगंबाई! काय झालं हो हे?"

"भाजलं," एवढंच तो म्हणाला. शूटिंगच्या दिवशी दादाचा हात सुटला, तेव्हा सरसरत निघालेला दोर त्याने याच तळव्यांत आवळून धरला होता.

बाहेर पडताना दादाने त्याला गाठलं. "कशी वाटली?"

"फिल्ममधून दोर पुसलाय हे कुठेच कळत नाही."

"हळू बोल," दादा इकडेतिकडे बघत म्हणाला. "आणि पुढच्या कड्यासाठी दोर धरणारा कुणीतरी बघून ठेव. तुझे हात काही आता कामाचे नाहीत."