सतरा नंबरच्या पेशी

“इथे पेशंटना आत येता येत नाही,” प्रयोगशाळेच्या दारात आडवी उभी राहून तंत्रज्ञ बाई म्हणाली.

“आत कुठे येतेय? माझ्या पेशी सहा आठवडे ज्यांनी सांभाळल्या, त्यांना नुसतं बघून जायचंय,” समोरची बाई म्हणाली.

ती एका शाळेत खेळाची शिक्षिका होती. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिला लघवी आवरेनाशी झाली. शिंक आली की कपडे ओले, उडी मारली की कपडे ओले. व्यायाम झाले, औषधं झाली. शेवटी तिने या इस्पितळातल्या नव्या उपचाराच्या चाचणीत नाव दिलं. डॉक्टरांनी तिच्या मांडीतून स्नायूचा कणभर तुकडा काढला. त्यातल्या मूळ पेशी या प्रयोगशाळेत वाढवल्या आणि मूत्रमार्गाभोवतीच्या दुबळ्या स्नायूत सुईने सोडल्या. गुण येईलच असं कुणी वचन दिलं नव्हतं. तिला आला. सावकाश, सात महिन्यांनी.

तंत्रज्ञ बाईला पेशंट कधी दिसतच नसत. तिच्याकडे यायच्या त्या नंबर लावलेल्या बाटल्या. सुट्टीच्या दिवशीही येऊन ती त्यांच्यातलं पोषक द्रव्य बदलायची, सूक्ष्मदर्शकाखाली डोकावायची.

“तुमचा नंबर?”

“सतरा.”

“सतरा!” तंत्रज्ञ बाईचा चेहरा एकदम खुलला. “अहो, काय छळलंत मला! पहिले दहा दिवस पेशींचं वाढायचं नाव नाही. मी तर आशाच सोडली होती.”

“काल शाळेच्या मैदानात मुलींबरोबर दोरीवर चाळीस उड्या मारल्या. सलग. एक थेंब नाही.” शिक्षिका म्हणाली. “तुमचे कसे आभार मानू, तेच कळत नाही.”

“आभार कसले? कामच आहे माझं.”

“आणि पेशींवर रागावू नका हं. त्या माझ्याच. मीपण शाळेत रोज उशिराच पोचते.”

तंत्रज्ञ बाईला खळखळून हसू फुटलं आणि अर्ध्यातच तुटलं. तिने दाराची चौकट घट्ट धरली. गुडघे जवळ घेतले. चेहरा लाल झाला.

शिक्षिकेने ते पाहिलं. आवाज खाली आणून तिने विचारलं, “किती वर्षं?”

“काय किती वर्षं?”

“मीही अशीच उभी राहायचे.”

तंत्रज्ञ बाई फरशीकडे बघत म्हणाली, “अकरा.”

“आणि डॉक्टर दोन खोल्या सोडून बसतात!”

“रोजची उठबस आहे हो त्यांच्याशी. कुठल्या तोंडाने सांगू?”

शिक्षिकेने तिचा हात धरला. “तुम्ही मला न बघता एवढं केलंत. आता तुम्हाला बघून मी तशीच घरी जाऊ? चला. मी दारापर्यंत येते.”

दोघी व्हरांड्यातून निघाल्या. डॉक्टरांच्या दाराशी तंत्रज्ञ बाई थबकली. शिक्षिकेने तिच्या पाठीवर हात ठेवला, तशी ती एकटीच आत गेली.

डॉक्टर कागदांत डोकं घालून बसल्या होत्या.

“डॉक्टर, चाचणीच्या नव्या यादीत जागा आहे का?”

“आहे की. कुणी ओळखीच्या आहेत का? तपासणीला घेऊन या त्यांना. कधी येतील?”

“आल्यात,” ती म्हणाली, आणि डॉक्टरांच्या समोरच्या, पेशंटच्या खुर्चीत बसली.