दोनशेपैकी दोनशे

बाईंनी त्या कागदाची बेरीज तिसऱ्यांदा केली. पुन्हा दोनशेच.

नववीतल्या मुलांना गणिताबद्दल आणि स्वतःबद्दल काय वाटतं, हे मोजायला बाई शाळाशाळांतून हिंडत होत्या. कागदावर चाळीस वाक्यं, प्रत्येकापुढे पाच चौकटी, ‘अगदी पटतं’पासून ‘अजिबात पटत नाही’पर्यंत, पाच गुणांपासून एका गुणापर्यंत. निम्मी वाक्यं सरळ: ‘मला गणितं सोडवायला आवडतात.’ निम्मी उलटी: ‘गणिताच्या तासाला माझ्या पोटात गोळा येतो.’ उलट्यांचे गुणही उलटे धरायचे, आणि हे मुलांना सांगायचं नाही. आतापर्यंत सहाशे मुलं झाली होती. एकशे ऐंशीच्या पुढे एकही गेलं नव्हतं.

शिवाय नाव लिहू नका म्हणून दोनदा बजावलेलं असताना या कागदावर नाव होतं. हजेरी क्रमांकासकट, खाली पट्टीने रेघ मारून.

शिक्षकांच्या खोलीत पलीकडे गणिताचे सर वह्या तपासत बसले होते. बाईंनी त्यांना कागद दाखवला, तसे ते हसायलाच लागले.

“ही? अहो, हिच्या पेपराला मला लाल शाई पुरत नाही. दोन चाचण्यांत मिळून अकरा मार्क. वडील परवाच शाळा सोडल्याचा दाखला मागून गेलेत, आज न्यायला येतील. टाकून द्या तो कागद.”

टाकायला हवाच होता. खोटी उत्तरं धरली तर सगळी पाहणी नासली असती. तरी बाईंनी शिपायाला पाठवून मुलीला बोलावून घेतलं.

ती दारातच थांबली. किडकिडीत, बाह्या मनगटापर्यंत ओढलेल्या. बाई काही बोलायच्या आत तिनेच विचारलं, “झाले ना दोनशे?”

“तुला कसं कळलं?”

“चाळीस पंचे दोनशे. चांगल्या वाक्याला या टोकाला खूण, वाईटाला त्या टोकाला. नाहीतर तुम्ही निम्मी वाईट कशाला घातली असती?”

बाई बघतच राहिल्या. मोजणीची ही मेख आजवर एकाही मुलाने ओळखली नव्हती.

“पण तुझी उत्तरं खरी नाहीत ना गं?”

मुलगी घाईघाईने म्हणाली, “बाई, वर लाल पेनाने मार्क लिहून द्या ना. आणि खाली सही. बाबांना मार्कांचंच कळतं. दाखला काढला की मला मावशीकडे शिलाईला बसवणारेत.”

“अगं, ही परीक्षा नाही.”

“मग मोजता कशाला?”

सही करणं बाईंना शक्य नव्हतं, कागद बाहेर देणंही नियमात बसत नव्हतं. शेवटी त्यांनी आपल्या वहीतलं कोरं पान फाडलं आणि मुलीच्या वडिलांना चिठ्ठी लिहायला घेतली. तुमच्या मुलीने आज जसं डोकं चालवलं, तसं सहाशे मुलांत कुणी चालवलं नाही. एवढ्यात तिची शाळा सोडवू नका.

सर लाल पेन हातात तसंच धरून इकडे बघत होते. त्यांनाही ऐकू जावं म्हणून बाईंनी मुद्दाम मोठ्याने विचारलं, “वीसच्या वीस उलटी वाक्यं तू बिनचूक हेरलीस. कशी हेरलीस, सांग. तेही लिहिते यात.”

“त्यात काय, बाई,” मुलगी म्हणाली. “वाचल्याबरोबर मला जिथे जिथे हो म्हणावंसं वाटलं ना, ती सगळी उलटी.”